काळजीवाहू संघ : मित्रांच्या फँटसी फुटबॉल लीगमधील एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात एकाच मजल्यावर राहिलेले आम्ही बारा जण गेली नऊ वर्षे इंग्लिश प्रीमिअर लीगवर आधारलेला फँटसी प्रीमिअर लीग हा खेळ आपापसांत खेळत आलो आहोत. येथे मांडलेले प्रकरण २०२४-२५ च्या हंगामातले आहे. संबंधितांची नावे दिलेली नाहीत. जो आज जिथे राहतो किंवा मूळचा जिथला आहे, त्यावरून त्याचा उल्लेख केला आहे. लीगचा व्यवस्थापक आणि खजिनदार मीच होतो व आजही आहे, त्यामुळे हे लिखाण त्रयस्थाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

खेळ न खेळणाऱ्या वाचकासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्रत्येकाने १०० दशलक्ष पौंडांच्या काल्पनिक रकमेत १५ खेळाडूंचा संघ उभा करायचा असतो आणि एका क्लबमधून तीनपेक्षा जास्त खेळाडू घेता येत नाहीत. प्रत्यक्ष सामन्यांतील गोल, असिस्ट (गोलसाठी दिलेला अखेरचा पास), क्लीन शीट (संघाने एकही गोल न स्वीकारणे) यांवरून खेळाडूंना गुण मिळतात. संघाच्या कॅप्टनचे गुण दुप्पट होतात आणि कॅप्टन मैदानात उतरलाच नाही तर तो लाभ उपकॅप्टनला जातो. हंगामात ३८ गेमवीक, म्हणजे सामन्यांच्या फेऱ्या, असतात. दर गेमवीकला एक ट्रान्सफर, म्हणजे एका खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची मुभा, मोफत मिळते, त्यापुढच्या प्रत्येक ट्रान्सफरला चार गुण वजा होतात. न वापरलेल्या मोफत ट्रान्सफर पूर्वी दोनपर्यंतच साठवता येत. २०२४-२५ पासून ही मर्यादा पाचवर नेण्यात आली, आणि या वरवर किरकोळ वाटणाऱ्या बदलाला आमच्या प्रकरणात अनपेक्षित महत्त्व आले. याखेरीज हंगामात मोजक्याच वेळा वापरता येणाऱ्या ‘चिप’ असतात. त्यांपैकी ‘ट्रिपल कॅप्टन’ या चिपमुळे कॅप्टनचे गुण दुपटीऐवजी तिप्पट होतात.

आमच्या लीगचे दोन तक्ते असतात. एकात हंगामभराचे एकूण गुण मोजले जातात. दुसरा आमनेसामने, म्हणजे हेड-टू-हेड पद्धतीचा असून त्यात दर गेमवीकला एकाचा संघ दुसऱ्या एकाच्या संघाविरुद्ध उभा राहतो आणि जिंकणाऱ्याला तीन, बरोबरीत एकेक गुण मिळतो. जोड्या संकेतस्थळ आपोआप लावते व त्या सर्वांना हंगामाच्या सुरुवातीपासून दिसत असतात. बारा जणांच्या लीगमध्ये अकरा आठवड्यांनी तीच जोडी पुन्हा येते.

वर्गणी माणशी २,००० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये होती. एकूण गुणांच्या तक्त्यातील पहिल्याला ९,००० व दुसऱ्याला ४,०००, हेड-टू-हेडमधील पहिल्याला ६,००० व दुसऱ्याला २,०००, आणि उरलेले ३,००० दिवाळीत पुण्यात असतील त्यांच्या जेवणाला, अशी वाटणी ठरलेली होती. आमच्यापैकी कोणाचेही या रकमेवाचून काही अडत नाही. तरीही हंगामाच्या अखेरच्या आठवड्यांत या सहा हजारांसाठी लोक ज्या तन्मयतेने तक्ता पाहतात, तशी तन्मयता त्यांनी अभ्यासात दाखवली असती तर वसतिगृहातल्या निम्म्या एटीकेटी टळल्या असत्या.

नियम, जेवढे होते तेवढे

लीगचे लेखी नियम मोबाइलवरच्या आमच्या चॅट गटाच्या माहितीत चिकटवलेले होते आणि ते सहा ओळींचे होते. वर्गणीची तारीख, बक्षिसांची वाटणी, बरोबरी झाल्यास एकूण गुण पाहावेत, आणि व्यवस्थापकाचा निर्णय अंतिम राहील, एवढाच त्यांचा आशय. एखादा सदस्य काही काळ संघ लावू शकला नाही तर काय करायचे, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. नऊ वर्षांत तशी वेळच आली नव्हती असे मात्र नाही. कोणाचे लग्न, कोणाचे बाळंतपण, कोणाचा व्हिसा अशा निमित्ताने संघ दोन-तीन आठवडे तसेच पडून राहत आणि बाकीचे चेष्टा करून विषय सोडून देत.

संघ लावण्याची डेडलाइन गेमवीकमधल्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटे आधी असते. हिवाळ्यात शनिवारची डेडलाइन भारतात दुपारी साडेचारला, दुबईत तीनला आणि न्यू जर्सीत पहाटे सहाला येते. न्यू जर्सीवाला त्यासाठी पावणेसहाचा गजर लावतो. डब्लिनकराला तो त्रास नाही. हे सांगण्याचे कारण असे की, या लीगमध्ये एखाद्याने दहा मिनिटे काढून संघ लावणे याला सर्वांच्या लेखी एक किंमत होती, आणि जो ती मोजत नाही त्याच्यावर कुरकुर होत असे.

संघ बेवारस होतो

७ डिसेंबर २०२४ रोजी एव्हर्टन विरुद्ध लिव्हरपूल हा सामना डाराघ वादळामुळे सुरू होण्याच्या काही तास आधी पुढे ढकलण्यात आला. भारतात तेव्हा दुपार होती. आमच्यातल्या बहुतेकांचा कॅप्टन लिव्हरपूलचा मोहम्मद सलाह होता, त्यामुळे पुढचे दोन तास गटावर दुसरा कॅप्टन कोण करावा याचीच चर्चा चालू राहिली. या चर्चेत नाशिककर कुठेच नव्हता. त्याच्या वडिलांना त्या सकाळी पक्षाघाताचा झटका आला होता व तो रुग्णालयात होता, हे आम्हाला दोन दिवसांनी समजले.

त्याचा संघ जसाच्या तसा राहिला. सलाह खेळला नाही म्हणून कॅप्टनपद आपोआप उपकॅप्टन कोल पामरकडे गेले, आणि पामरने दुसऱ्या दिवशी टॉटनहॅमविरुद्ध दोन पेनल्टी मारून चेल्सीला ४-३ असा विजय मिळवून दिला. त्या आठवड्यात दोन तास डोके खाजवून कॅप्टन बदललेला डब्लिनकर, मोबाइलला हातही न लावलेल्या नाशिककराकडून हरला. ही गोष्ट पुढे बराच काळ विनोद म्हणून सांगितली गेली.

त्यानंतरचे चार आठवडे विनोदाचे नव्हते. २१ डिसेंबरला आर्सेनलचा बुकायो साका मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर गेला आणि तो एप्रिलपर्यंत परतला नाही; नाशिककराच्या संघात मात्र तो कायम होता. सोळाव्यापासून एकोणिसाव्या गेमवीकपर्यंत हा संघ ओळीने चार सामने हरला. ज्यांचा सामना या काळात त्याच्याशी पडला त्यांना फुकटचे तीन गुण मिळाले, आणि ज्यांचा आधी पडून गेला होता ते नाराज झाले. एकाने गटावर लिहिले, ‘हे योग्य नाही, पण त्याला कसं बोलणार?’ या वाक्याचा उत्तरार्ध पुढच्या सगळ्या घटनांच्या मुळाशी आहे.

पहिला निर्णय : एक अंगठा

३० डिसेंबरच्या रात्री दुबईकराने गटावर संदेश टाकला की, नाशिककराचा पासवर्ड आपल्याकडे आहे, तो मोकळा होईपर्यंत आपण त्याचा संघ सांभाळतो. हा पासवर्ड त्याला २०२३ च्या पावसाळ्यानंतर मिळाला होता. नाशिककर तेव्हा हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकवर जाणार होता, वर रेंज नसते म्हणून त्याने एका आठवड्यापुरता तो दिला होता आणि नंतर बदलला नव्हता.

मी त्या संदेशाला संमतीचा अंगठा दिला. आणखी सात जणांनी दिला. कोणी प्रश्न विचारला नाही.

आज मागे वळून पाहताना त्या क्षणी निदान चार पर्याय समोर होते, असे दिसते. संघ तसाच राहू देता आला असता. त्यात अन्याय होता, पण तो कोणाच्या हातून घडलेला नव्हता. काळजीवाहू म्हणून तक्त्यात तळाशी असलेल्या, बक्षिसाच्या शर्यतीत नसलेल्या एखाद्याला नेमता आले असते. दर आठवड्याला वेगळा काळजीवाहू ठेवता आला असता, जरी ते पासवर्डच्या दृष्टीने गचाळ झाले असते. आणि नाशिककराला एक फोन करता आला असता. अधिकृत नियमांप्रमाणे एका व्यक्तीने एकच संघ चालवायचा असतो, हेही त्या वेळी कोणी काढले नाही. मी व्यवस्थापक असूनही काढले नाही, कारण मला ती सूचना मदतीची वाटली, आणि मदतीला कोणी नियम लावत नाही.

दुबईकर त्या दिवशी हेड-टू-हेडच्या तक्त्यात दुसरा होता. हे मला माहीत होते. पुढच्याच आठवड्यात, विसाव्या गेमवीकला, त्याचा स्वतःचा सामना नाशिककराच्या संघाशी होता. हे मला माहीत नव्हते, कारण मी जोड्यांची यादी उघडून पाहिली नव्हती. ती उघडायला दहा सेकंद लागतात.

विसावा आणि चोविसावा गेमवीक

विसाव्या गेमवीकला दुबईकराने नाशिककराच्या संघात एकही ट्रान्सफर केली नाही. न वापरल्यामुळे तोवर पाच मोफत ट्रान्सफर साठल्या होत्या, साका जखमी होता, आणखी एक खेळाडू राखीव बाकावर बसत होता. तरी त्याने फक्त कॅप्टन तेवढा नीट केला. नाशिककराचा संघ सहा गुणांनी हरला. त्यानंतरच्या आठवड्यात दुबईकराने पाचही ट्रान्सफर एकदम वापरून संघ झकास केला आणि एकविसाव्यापासून तेविसाव्यापर्यंतचे तिन्ही सामने या संघाने जिंकले. जानेवारीत याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

चोविसाव्या गेमवीकला मात्र गेले. वादळात बुडालेला एव्हर्टन-लिव्हरपूल सामना १२ फेब्रुवारी २०२५ ला ठेवण्यात आला होता आणि तो याच गेमवीकमध्ये धरला गेला, त्यामुळे लिव्हरपूलचे खेळाडू एका गेमवीकमध्ये दोनदा खेळणार होते. अशा ‘डबल’मध्ये सलाहवर ट्रिपल कॅप्टन लावणे हे त्या आठवड्यातले अत्यंत लोकप्रिय पाऊल होते. पंचविसाव्या गेमवीकलाही लिव्हरपूलचे दोन सामने होते, त्यामुळे चिप आज लावायची की पुढच्या वेळी, हा खरा प्रश्न होता.

त्या गेमवीकला नाशिककराचा संघ तक्त्यात पहिल्या असलेल्या सोलापूरकराविरुद्ध होता. सोलापूरकराचे ४८ गुण होते, दुबईकराचे ४५. सोलापूरकराने सलाहला साधा कॅप्टन ठेवून चिप पुढच्या आठवड्यासाठी राखली. दुबईकराने स्वतःच्या संघातही नेमके हेच केले. पण नाशिककराच्या संघात त्याने सलाहला ट्रिपल कॅप्टन केले.

१ फेब्रुवारीला बोर्नमथविरुद्ध लिव्हरपूल २-० ने जिंकले आणि दोन्ही गोल सलाहचे होते. त्याच दिवशी नॉटिंगहॅम फॉरेस्टने ब्रायटनला सात गोल घातले, ख्रिस वुडने हॅट्ट्रिक केली, आणि सोलापूरकराकडे वुड असल्यामुळे दोन्ही संघ जवळजवळ बरोबरीत आले. त्या फेरीतले बाकीचे सामने आटोपल्यावर मग नऊ दिवस काहीच घडायचे नव्हते. सामन्याचा निकाल अर्धवट लटकलेला, एका बाजूला सलाह तिपटीने आणि दुसऱ्या बाजूला दुपटीने, आणि बारा जणांना बोलायला भरपूर वेळ. आमच्या गटात नऊ दिवसांचा अवकाश ही धोक्याचीच गोष्ट असते. याच काळात कोणीतरी नाशिककराच्या संघाचा आठवडावार इतिहास उघडला (तो सर्वांना दिसतो), विसाव्या गेमवीकचे पान शोधून काढले आणि त्याचा स्क्रीनशॉट काही न लिहिता गटावर टाकला.

एव्हर्टनचा सामना भारतात मध्यरात्रीनंतर एक वाजता सुरू झाला. मी कोथरूडच्या घरी स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभा राहून, आवाज बंद करून तो पाहिला, कारण बाहेरच्या खोलीत सासरे झोपले होते. सलाहच्या क्रॉसवर मॅक ॲलिस्टरने गोल केला, पुढे सलाहने स्वतः एक केला, आणि ९८ व्या मिनिटाला एव्हर्टनच्या टार्कोव्स्कीने असा फटका मारला की सामना २-२ असा सुटला आणि मैदानात भांडणे लागली. सलाहचे त्या गेमवीकचे २९ गुण झाले. साध्या कॅप्टनला ५८, ट्रिपलला ८७. नाशिककराचा संघ १३१ विरुद्ध ११८ असा जिंकला. साधा कॅप्टन असता तर तो १०२ वर थांबला असता. दुबईकरही आपला सामना जिंकला आणि ४८ गुणांवर सोलापूरकराच्या बरोबरीला येऊन, एकूण गुणांच्या आधारे, पहिल्या क्रमांकावर गेला.

सोलापूरकराचा संदेश पहाटे सव्वातीनला आला. ‘अभिनंदन. दोन्ही संघांचं.’

समस्येचे स्वरूप

सकाळपर्यंत दोन तट पडले होते आणि दोघांकडेही मुद्दा होता.

दुबईकराचे म्हणणे असे की, चिप लावण्याचा निर्णय खेळाच्या दृष्टीने निर्दोष होता, जगभर लाखो लोकांनी तो घेतला, आणि निकालाने तो बरोबर ठरवला. नाशिककराचा संघ बऱ्यापैकी मागे असल्याने त्याला धोका पत्करणे परवडत होते, स्वतःच्या संघाला नव्हते. विसाव्या गेमवीकला आपण हात लावला नाही, कारण आपल्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या संघात फेरफार करणे बरे दिसले नसते. त्याचा स्वर दुखावलेला होता. पाच आठवडे तो स्वतःचा वेळ घालवत होता आणि त्याबद्दल कोणी साधे आभारही मानले नव्हते, हेही खरे होते.

सोलापूरकराने लबाडीचा आरोप केला नाही. त्याने फक्त एवढेच विचारले की, स्वतःविरुद्धच्या सामन्यात हात न लावणे हे सभ्यतेचे असेल, तर स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्यात हंगामातली सर्वांत मोठी चिप वापरणे हे काय आहे? एका वेळी काळजीवाहू अलिप्त राहतो, दुसऱ्या वेळी तो पूर्ण ताकदीने खेळतो, आणि दोन्ही वेळा फायदा त्यालाच होतो. हेतू कोणाला दिसत नाही, तक्ता सर्वांना दिसतो.

माझ्या मते दुबईकर खरे बोलत होता. दोन्ही वेळा त्याने त्या त्या क्षणी जे योग्य वाटले ते केले असावे. पण आपण योग्य वागत आहोत असे वाटणाऱ्या माणसालाच स्वतःचा कल दिसत नाही, आणि म्हणून अशा जागी त्याला बसवायचे नसते. त्याला त्या जागी बसवले होते मी, एका अंगठ्याने. त्यामुळे गटावरचे बोलणे त्याच्यावर चालले होते तेव्हा मी दोन दिवस गप्प राहिलो, ही या प्रकरणातली माझी दुसरी चूक.

विचारात घेतलेले पर्याय

२३ फेब्रुवारीच्या रविवारी भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला ऑनलाइन बैठक ठरवली, म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे दहा, डब्लिनमध्ये दुपारचे तीन आणि दुबईत संध्याकाळचे सात. दहा वाजता मँचेस्टर सिटी विरुद्ध लिव्हरपूल सामना असल्यामुळे दीड तासात उरकणे भाग होते. मर्यादित वेळेचा फायदा झाला असे वाटते.

संकेतस्थळावरचा हेड-टू-हेडचा निकाल व्यवस्थापकालाही बदलता येत नाही. म्हणून जे काही करायचे ते आमच्या स्वतःच्या एक्सेल शीटमध्ये आणि बक्षिसाच्या पातळीवर करावे लागणार होते. तीन प्रस्ताव मांडले गेले. पहिला, निकाल जसा आहे तसा राहावा, कारण परवानगी सर्वांनी दिली होती. दुसरा, काळजीवाहू काळातले पाचही सामने बरोबरीत धरून वेगळा तक्ता ठेवावा. हा वरवर न्याय्य वाटला, पण त्यात एकविसाव्या ते तेविसाव्या गेमवीकमध्ये या संघाकडून हरलेल्या तिघांना आयता एकेक गुण मिळत होता, आणि त्याआधीच्या चार बेवारस आठवड्यांत जिंकलेल्यांचे गुण मात्र शाबूत राहत होते, म्हणजे एका अन्यायावर दुसऱ्याचे ठिगळ. तिसरा प्रस्ताव डब्लिनकराचा होता: निकाल तसाच ठेवावा, पण हंगामाअखेर सोलापूरकर व दुबईकर हे पहिले दोघे असतील आणि त्यांच्यात तीन किंवा त्याहून कमी गुणांचा फरक असेल, तर दोन्ही बक्षिसे एकत्र करून निम्मी निम्मी वाटावीत. वादग्रस्त सामना तीन गुणांचाच असल्याने हा आकडा निवडला गेला.

संबंधित तिघांना वगळून नऊ जणांनी मत दिले. पहिल्या फेरीत चार, दोन आणि तीन अशी विभागणी झाली. दुसरा प्रस्ताव बाद केल्यावर तिसरा सहा विरुद्ध तीन मतांनी संमत झाला. दहाला पाच मिनिटे कमी असताना बैठक संपली. लिव्हरपूल २-० ने जिंकले. सलाहचा एक गोल आणि एक असिस्ट.

नाशिककराचे म्हणणे

बैठकीच्या आठ दिवस आधी मी अखेर नाशिककराला फोन केला होता. वडील घरी आले होते, फिजिओथेरपी चालू होती, उजव्या हातात हळूहळू बळ येत होते. संघाचा विषय मी चाचरत काढला. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग हसला.

तो म्हणाला, ‘अरे, मी तिथे अतिदक्षता विभागाबाहेर सहा-सहा तास नुसता बसलेलो असायचो. आत सोडायचे दोनदा, दहा मिनिटं. बाकी वेळ काय करणार? डिसेंबरमध्ये माझं डोकं चालत नव्हतं, हे खरं. पण जानेवारीत मी एकदा ॲप उघडलं टीम लावायला, तर कोणीतरी पाच जण बदललेले. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय, आता आपण मध्ये कशाला पडा. म्हणून बंद केलं.’

त्याला त्रास नको म्हणून आम्ही विचारले नव्हते, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्याने सांगितले नव्हते. ट्रिपल कॅप्टनबद्दल त्याचे मत मी विचारले. तो म्हणाला, मीही सलाहलाच लावला असता, पण पंचविसाव्याला. हे मी बैठकीत सांगितले नाही. ते सांगितले असते तर मतदान वेगळे झाले असते, असे मला आजही वाटते. दुबईकराच्या विरुद्ध ते वाक्य वापरले गेले असते आणि ते नाशिककराच्या तोंडी घातले गेले असते. तेवढ्यासाठी मी ते स्वतःजवळ ठेवले. हे बरोबर होते की नाही यावर माझे स्वतःशीच एकमत होत नाही.

निष्पत्ती

नाशिककराने पासवर्ड बदलला आणि पंचविसाव्या गेमवीकच्या पुढचा संघ स्वतः लावला. हंगाम २५ मे २०२५ ला संपला. हेड-टू-हेडमध्ये सोलापूरकर ७५ गुणांसह पहिला आला, दुबईकर ७३ वर दुसरा. फरक दोन गुणांचा होता, त्यामुळे सोलापूरकराचे नुकसान भरून काढण्यासाठी जी तडजोड केली होती तिनेच त्याचे नुकसान केले: ६,००० ऐवजी त्याला ४,००० मिळाले आणि दुबईकराला २,००० ऐवजी ४,०००. तडजोड ठरवताना नऊ शहाण्या माणसांपैकी एकालाही सोलापूरकर पुढे राहिला तर काय, हा प्रश्न सुचला नव्हता. दुबईकराने दोन हजार परत पाठवले. सोलापूरकराने ते स्वीकारले नाहीत. ती रक्कम अखेर जेवणाच्या खात्यात गेली.

पैशांचा हिशेब इतका सरळ मिटला तरी गटावरचे वातावरण पूर्वीसारखे राहिले नाही. मार्चपासून दुबईकर फुटबॉलच्या विषयावर काही लिहीत नव्हता. वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या येत. जुलैमध्ये नव्या हंगामाची विचारणा केली तेव्हा त्याने मला वैयक्तिक संदेश पाठवला की, या वर्षी कामाचा व्याप आहे, मला धरू नका. मी आग्रह केला नाही. करायला हवा होता.

वेगळे काय करता आले असते

नव्या हंगामासाठी नियमांचे एक पान तयार केले आहे. त्यानुसार एखाद्याने सलग दोन गेमवीक संघ लावला नाही तर व्यवस्थापकाने त्याला फोन करायचा, संदेश नव्हे. त्याने स्वतः सांगितले तरच काळजीवाहू नेमायचा, आणि तोही एखाद्या सदस्याच्या घरातला, लीगमध्ये नसलेला माणूस. काळजीवाहूने जखमी खेळाडू बदलायचे आणि कॅप्टन ठरवायचा. चिपला हात लावायचा नाही. अधिकृत नियमाच्या काटेकोर वाचनात काळजीवाहू ही कल्पनाच बसत नाही, असा आक्षेप न्यू जर्सीवाल्याने घेतला आणि तो रास्त आहे. प्रत्यक्षात असा प्रसंग आला तर मालकाने फोनवर नावे सांगायची व समोरच्याने फक्त बटणे दाबायची, इतपत आम्ही आलो आहोत.

पण नियमांपेक्षा निर्णयाची वेळ मला अधिक महत्त्वाची वाटते. ३० डिसेंबरला एक फोन आणि जोड्यांच्या यादीवर एक नजर, एवढ्याने हे प्रकरण उभेच राहिले नसते. फेब्रुवारीत कितीही विचारपूर्वक मतदान केले तरी तोवर निकाल लागलेला होता, आणि कोणत्या पर्यायाने कोणाचा फायदा होतो हे प्रत्येक मतदाराला ठाऊक होते. शिवाय स्क्रीनशॉट गटावर पडला त्याच संध्याकाळी, एव्हर्टनचा सामना व्हायच्या आत, मी ‘परवानगी माझी होती’ एवढे लिहिले असते तर दुबईकर एकटा पडला नसता.

पुढचा हंगाम

ऑगस्ट २०२५ मध्ये, हंगाम सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. तो आमच्या घरगुती वर्गणीला लागू होतो का यावर वाद घालत बसण्याऐवजी आम्ही रोख बक्षिसे बंद केली आणि सगळी रक्कम दिवाळीच्या जेवणाकडे वळवली. कोणी हरकत घेतली नाही. बहुतेकांना सुटल्यासारखेच वाटले असावे.

आता आम्ही अकरा आहोत. सदस्यसंख्या विषम असली की हेड-टू-हेडमध्ये संकेतस्थळ स्वतःहून एक बारावा संघ घालते. त्याला मालक नसतो आणि त्याला सरासरी गुण मिळतात. पहिल्याच गेमवीकला नाशिककराचा सामना या सरासरी संघाशी पडला आणि तो चार गुणांनी हरला. त्याने त्या निकालाचा स्क्रीनशॉट गटावर टाकला आणि खाली लिहिले, ‘मालक नसलेल्या टीमकडून हरलो.’ बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग दुबईकराचे उत्तर आले, फुटबॉलवर मार्चनंतर पहिलेच:

‘कॅप्टन चुकला तुझा.’